पाषाणचं गाजलेलं गाणं

ऐतवडे साहेब गिरणीच्या मागच्या दारात येऊन उभे राहिले, तेव्हा मुश्ताकनं आधी काय केलं असेल, तर गिटार ज्वारीच्या पोत्यामागं सरकवली.

"बंद करू नका," साहेब म्हणाले. "चालू द्या."

नगरपालिकेचा स्वच्छता निरीक्षक दारात उभा राहून 'चालू द्या' म्हणतो, यावर आमचा विश्वास बसेना. त्याआधी आमच्या दारात जो जो आला होता तो 'बंद करा' म्हणायलाच आला होता. मी ड्रमवरच्या काठ्या मांडीवर ठेवल्या आणि योहानकडं बघितलं. योहान माईक धरून ताठ उभा होता. जप्ती आली तर माईकसकट मला न्या, असा त्याचा चेहरा.

गिरणी आमची, मगदूमांची. पुढं दळण चालायचं आणि मागच्या पोत्यांच्या खोलीत आमच्या बँडचा सराव. वडिलांनी ती खोली दिली होती ती कलेच्या प्रेमापोटी नव्हे, पोरगं डोळ्यांसमोर राहील म्हणून. मिरजेपासून बसनं पाऊण तासावरचं आमचं गाव. तिथं तीन माणसांचा रॉक बँड असणं हेच मुळात कुणाला पटत नव्हतं. त्यात आमची एक अडचण वेगळीच होती. गिरणी चालू असली की आम्हाला आमचं वाजवलेलं ऐकू येत नसे, आणि बंद असली तर ती बहुधा वीज गेली म्हणून बंद असे. त्यामुळं आपण नेमके कसे वाजवतो, हे आम्हालाही धड माहीत नव्हतं.

बँडचं नाव 'पाषाण'. रॉक म्हणजे दगड, पण 'दगड' नाव घेऊन स्टेजवर जायचं कसं, म्हणून योहाननं पाषाण ठेवलं. पुण्याला एकदा स्पर्धेला गेलो, तर निवेदिकेनं 'आता ऐकू या पाषाणहून आलेला बँड' असं जाहीर केलं. पुण्यात त्या नावाचं उपनगर आहे. तिथली चारपाच पोरं शिट्ट्या वाजवत उठली आणि आम्ही त्यांच्यातले नव्हे हे कळल्यावर खाली बसली. आमच्या आयुष्यातला तोच तेवढा लोकाश्रय.

"परवा दळण घेऊन आलो होतो," साहेब आत येत म्हणाले. अंगानं बारीक, पण मिशी दोन माणसांना पुरेल एवढी. "नंबर येईपर्यंत बसलो होतो. मध्येच पट्टा तुटून गिरणी थांबली आणि तुमचं एक गाणं ऐकू आलं. ते 'बाहेर या'वालं. कुणाचं ते?"

योहानचा आवाजच बदलला. "माझं."

"शब्द?"

"शब्दही माझेच. चालही."

"म्हणा बघू एकदा. हळू म्हणा. शब्द कळू देत."

योहान सदामते मिशन कंपाउंडमधला. त्याची आई दीनाबाई दवाखान्यातून निवृत्त झालेली नर्स, सगळं गाव तिला सिस्टर म्हणायचं. योहान चर्चच्या गायनात लहानाचा मोठा झाला आणि तिथूनच 'आवाज जरा कमी' म्हणून बाहेर काढला गेला. गाणं म्हणण्याआधी गाण्याचा अर्थ सांगायची त्याला फार खोड. अर्थ सांगून होईपर्यंत अर्धे लोक उठून जायचे, उरलेले गाणं सुरू झालं की जायचे. त्या दिवशीही त्यानं सांगितलं. हे गाणं समाजाच्या ढोंगावर आहे, माणूस आतून सडतोय आणि वरून अत्तर लावतोय, वगैरे. साहेबांनी सगळं मान डोलावत ऐकलं. तेवढ्यात वडिलांनी दळण काढायला गिरणी थांबवली. मग योहान गायला.

बाहेर या, बाहेर या,
दारं उघडा, बाहेर या.
कुजलंय जे आत आत,
उचला आणि घेऊन या.

किती दिवस झाकणार, वास सुटलाय सगळा,
नाक दाबून जगणाऱ्यांनो, श्वास घ्या की मोकळा.

साहेबांनी डोळे मिटून घेतले होते. गाणं संपल्यावरही ते उघडेनात. मला वाटलं, झालं, सापडला आपल्याला एक कानसेन.

"हेच पाहिजे," ते म्हणाले. "अक्षरही बदलायला नको."

"कशासाठी पाहिजे?" योहाननं विचारलं.

"कचरागाडीसाठी."

पुढं दळणाला आलेली एक बाई सुट्या पैशांवरून माझ्या वडिलांशी भांडत होती, तेवढाच काय तो आवाज. मग मुश्ताक पोत्यावर आडवा झाला आणि पोट धरून हसायला लागला.

साहेब गांभीर्यानं समजावू लागले. राज्याची स्वच्छतेची स्पर्धा लागली होती आणि पालिकेनं घरोघरी फिरणारी नवी गाडी घेतली होती. गाडीवर भोंगा होता, पण वाजवायचं काय? घंटा वाजवली तर लोकांना वाटायचं बर्फाचे गोळे आले. साहेबांनी मराठीच्या दोन मास्तरांकडून गाणी लिहून घेतली होती, त्यात 'स्वच्छतेची कास धरा' याच्या पुढं काही जात नव्हतं. "आणि तुम्ही बघा! वास सुटलाय, कुजलंय, दारं उघडा, उचला, घेऊन या! अहो, या विषयावर इतकं कळकळीनं कुणी लिहिलंय का?"

"तो विषय नाहीच आहे!" योहान ओरडला. "मी माणसाच्या मनाबद्दल लिहिलंय!"

"मन तर मन," साहेब म्हणाले. "कोल्हापूरच्या स्टुडिओत रेकॉर्डिंगची सोय पालिका करेल. विचार करून सांगा."

ते गेले. योहाननं माईकची वायर गुंडाळायला घेतली आणि पुन्हा सोडली, पुन्हा गुंडाळली. "उकिरड्यावर लावणार माझं गाणं," तो म्हणाला. "नाही. मरेन, पण नाही."

तेव्हा मुश्ताक उठून बसला. हसायचा थांबला होता. मुश्ताक सतारमेकर मिरजेचा, सतारी बनवणाऱ्या घरातला. त्याची गिटारही त्यानं स्वतःच बनवलेली, सतारीच्या लाकडाची. त्यामुळं तिचा आवाज कितीही कर्कश लावला तरी शेवटी जरा गोडच यायचा आणि योहान त्यावरून चिडायचा.

"मर्दा, एक सांगायचं होतं," मुश्ताक म्हणाला. "व्हिसा आलाय. मस्कतचा. मामूंच्या वर्कशॉपात. ह्या महिन्यातच जायचंय."

योहाननं वायर खाली ठेवली.

"सात वर्षं वाजवतोय आपण," तो म्हणाला. "आणि घरी ऐकवायला एक कॅसेट नाही. अम्मी विचारते, जातोस कुठं रोज बसनं? काय दाखवू तिला? मी गेलो की हे पण गेलं. निदान एक गाणं तरी धड वाजवून ठेवू की. मग ते कचऱ्याला लावू देत नाहीतर मयताला."

योहाननं पिठानं पांढऱ्या झालेल्या खिडकीवर बोटानं एक रेघ ओढली. मग म्हणाला, "पण किंकाळी राहील."

किंकाळी म्हणजे गाण्याची सुरुवात. वाद्यं सुरू व्हायच्या आधी योहान एकटा, पोटाच्या तळापासून, 'बाहेर याऽऽऽ!' असं ओरडायचा. त्यानंतर क्षणभर सगळं शांत. मग माझे ड्रम गडगडत यायचे. ती शांतता योहानला फार प्रिय होती. "तिच्यात ऐकणाऱ्याला स्वतःचं मन ऐकू येतं," असं त्याचं म्हणणं. आजवर तिच्यात ऐकणाऱ्याच्या खुर्चीचा सरकण्याचा आवाजच आला होता.

कोल्हापूरचा तो स्टुडिओ भक्तिगीतांच्या कॅसेटी काढणारा. तिथल्या रेकॉर्डिस्टनं मुश्ताकची गिटार ऐकली आणि विचारलं, "मागं थोडे टाळ टाकू? भरीव वाटेल." योहाननं त्याच्याकडं असं बघितलं, की तो पुन्हा बोलला नाही. ऐतवडे साहेब मात्र जातीनं हजर होते आणि बोलत होते.

"एक ओळ घालू या," ते म्हणाले. "'ओला वेगळा, सुका वेगळा.' सगळा, मोकळा, वेगळा. जुळतंय बघा."

जुळत होतं, हेच योहानला सहन होईना. अखेर तह झाला. योहान ती ओळ म्हणेल आणि साहेब किंकाळीला हात लावणार नाहीत.

"लावत नाही," साहेब म्हणाले. "उलट बरंच आहे. लोक खडबडून जागे होतील."

रेकॉर्डिंग झाल्यावर रेकॉर्डिस्टनं ते मोठ्या स्पीकरवर लावलं. गिरणीविना, पट्ट्याच्या फटफटीविना आम्ही आम्हाला पहिल्यांदा धड ऐकलं. मी भयंकर घाईत वाजवत होतो. मुश्ताकची गिटार गोड येत होती. योहान दोनतीनदा सुराच्या बाजूनं गेला होता, पण असा गेला होता की सुरानंच त्याच्याकडं यायला हवं होतं. आम्ही तिघंही एकमेकांकडं न बघता ऐकत उभे राहिलो. "वाईट नाही," मुश्ताक शेवटी म्हणाला. परतीच्या बसमध्ये योहाननं खिडकीची जागा मला दिली, आणि असं त्यानं आधी कधी केलं नव्हतं.

तरी तो उद्घाटनाला यायला तयार नव्हता. "माझ्या डोळ्यांदेखत नको," म्हणाला. सकाळी नऊला पालिकेसमोर नगराध्यक्षाबाई नारळ फोडणार होत्या. मुश्ताक आदल्या दिवशीच आमच्याकडं मुक्कामाला आला होता, कारण उद्घाटनाच्याच दिवशी संध्याकाळी त्याला मुंबईची गाडी धरायची होती.

आता, त्याच आठवड्यात एक गोष्ट झाली होती. कोयनेकडं जमीन हलली होती. आमच्याकडं मांडणीवरची भांडी तेवढी वाजली, पण पेपरात आणखी धक्के येतील असं छापून आलं होतं आणि लोक कपड्यांची पिशवी दाराशी ठेवून झोपत होते. ही गोष्ट ऐतवडे साहेबांच्या ध्यानात आली नाही. आमच्याही नाही.

उद्घाटनाच्या दिवशी उजाडता उजाडता साहेब गाडी घेऊन आमच्या गल्लीत आले. भोंगा चालतो का बघायला. अर्धी गल्ली झोपेत, अर्धी चहाच्या आधणाकडं बघत. मी गिरणीचं कुलूप काढत होतो. ड्रायव्हरनं कॅसेट घातली, बटण दाबलं.

"बाहेर याऽऽऽऽऽ!"

मी ते गाणं शेकडो वेळा वाजवलं होतं, तरी माझ्या हातातली किल्ली पडली. मग ती शांतता आली. आणि त्या शांततेत पहिल्यांदा लोकांना खरोखर आपापलं मन ऐकू आलं असावं, कारण पाठोपाठ माझे ड्रम गडगडले, गाडीचा पत्रा थरथरला आणि सगळी गल्ली एकदम रस्त्यावर आली.

अर्ध्या तोंडाला साबण लावलेले पोस्टातले कुलकर्णी. उशी छातीशी धरून त्यांची बायको. शिंपी आवटी आले ते हातात गिऱ्हाइकांचे न शिवलेले ब्लाउज घेऊन. एका घरातनं चौघं जण टीव्ही घेऊन निघाले आणि आजोबा राहिले म्हणून पुन्हा आत पळाले. पाटलांची म्हैस आधीच सुटून चौकात गेली होती. कुणीतरी "भिंतीपासनं लांब व्हा, भिंतीपासनं लांब!" म्हणून ओरडत होतं, आणि भोंग्यातनं योहान म्हणत होता, दारं उघडा, बाहेर या.

भूकंप नाही, कचऱ्याची गाडी आहे, हे कळायला जरा वेळ लागला. कळल्यावर मात्र लोक गाडीवर धावले. कुणीतरी कॅसेट ओढून काढली, तिची फीत शेवयांसारखी बाहेर आली. ड्रायव्हर गाडीखाली लपला. ऐतवडे साहेबांची मिशी एकटीच शूर दिसत होती.

"कोण ओरडलं ते?" आवटी ब्लाउज हलवत म्हणाले. "कुणाचा आवाज तो? त्याला आधी पुढं आणा!"

साहेब इकडंतिकडं बघायला लागले. मी आणि मुश्ताक गिरणीच्या पायरीवर होतो. खरं सांगायचं तर आम्हीही इकडंतिकडंच बघत होतो.

"माझा आवाज आहे," मागनं कुणीतरी म्हणालं.

योहान. मिशन कंपाउंड गल्लीच्या टोकालाच. बनियन-लुंगीवर तसाच धावत आला होता, स्वतःच्याच हाकेला. त्याच्यामागं दीनाबाई, हातात प्रथमोपचाराची पेटी घेऊन.

"सिस्टर, तुमचा मुलगा हा?" कुलकर्णी म्हणाले.

"माझाच," दीनाबाई म्हणाल्या. "जन्मला तेव्हापासून असाच ओरडतो. कुणाला लागलंय का?"

कुणाला लागलं नव्हतं, पण लोक हटायला तयार नव्हते. तेवढ्यात जिनदत्त मास्तर पुढं आले. गावातल्या निम्म्या लोकांना त्यांनी शिकवलेलं, योहानलाही. पायात एकच चप्पल होती.

"थांबा रे," ते म्हणाले. "सदामते, इकडं ये. आम्हाला बाहेर बोलावलंस. आम्ही आलो. आता सांग, कशाला बोलावलंस?"

सात वर्षं योहान लोकांना हेच सांगायला धडपडत होता. ढोंग, समाज, अत्तर, सगळं त्याला पाठ होतं. समोर अख्खी गल्ली उभी होती आणि कुणीही उठून जात नव्हतं. आणि गड्याच्या तोंडातनं शब्द फुटेना. त्यानं कुलकर्णींच्या तोंडावरचा साबण बघितला, टीव्ही बघितला, टीव्हीशेजारी खुर्चीवर आणून बसवलेले आजोबा बघितले.

"गाणं आहे," तो एवढंच म्हणाला. "म्हणून दाखवू?"

आणि तो गाडीच्या मागच्या फळीवर चढला.

मुश्ताक आत पळाला आणि गिटार घेऊन आला. तिला वीज लागते हे त्याला माहीत होतं. विजेशिवाय ती फक्त त्याची त्यालाच ऐकू येत होती, पण तो डोळे मिटून मनापासून वाजवत होता. मी गाडीच्या पत्र्यावर दोन्ही हातांनी ठेका धरला. योहाननं या वेळी किंकाळी फोडली नाही. लोक आधीच बाहेर होते. तो साध्या आवाजात म्हणाला, बोलल्यासारखा, आणि माईक नसल्यामुळं असेल, पण पहिल्यांदाच त्याचा प्रत्येक शब्द कळत होता. किती दिवस झाकणार, वास सुटलाय सगळा. आवटींनी ब्लाउज खाली केले. कुलकर्णींची बायको उशीवर हनुवटी टेकवून ऐकत होती. 'ओला वेगळा, सुका वेगळा' ही ओळ तो गाळणार, असं मला वाटलं होतं. त्यानं गाळली नाही.

गाणं संपलं. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. मला वाटलं, आता मारतात.

"अहो," कोपऱ्यावरच्या घरातली एक बाई म्हणाली. तिचं नाव मला आजही माहीत नाही. "परत म्हणा की. मी बादली घेऊन येते."

ती आत पळाली. तिच्यामागं आणखी दोघी. योहाननं आमच्याकडं बघितलं. असा प्रसंग आमच्यावर कधीच आला नव्हता, त्यामुळं काय करतात हे आम्हाला ठाऊक नव्हतं. मग मुश्ताक म्हणाला, "अरे, म्हण की मर्दा, वन्स मोअर आहे तो!"

योहान पुन्हा गायला. मग पलीकडच्या गल्लीतले लोक आले, त्यांच्यासाठी पुन्हा. बादल्या, डबे, पाट्या, जुन्या चपला, फुटका रेडिओ, एकानं तर दिवंगत सासऱ्यांची कवळी आणली. लोक रांगेनं यायचे, योहानच्या पायाशी रिकामं करायचे आणि गाणं ऐकत थोडं रेंगाळायचे. 'श्वास घ्या की मोकळा' आलं की काही जण त्याच्याबरोबर म्हणायला लागले होते, नाकाला पदर लावून.

ऐतवडे साहेबांचे डोळे भरून आले. "गाडी भरली," ते मला म्हणाले. "सुकुमार, अहो, गाडी भरली!"

नऊ वाजता नगराध्यक्षाबाई नारळ घेऊन आल्या, तेव्हा फोटोत घालायला घराघरात कचरा उरला नव्हता. ड्रायव्हरला भरलेल्या गाडीतली एक पाटी उतरवून कोपऱ्यावरच्या त्या बाईच्या हातात द्यावी लागली. तिनं ती फोटोसाठी पुन्हा गाडीत टाकली.

दुपारी मुश्ताकची पिशवी भरून झाल्यावर आम्ही तिघं गिरणीच्या पायरीवर बसलो होतो. योहानला अजून कचऱ्याचा वास येत होता, दोनदा अंघोळ करूनही.

"सुक्या," तो म्हणाला, "त्यांना गाणं कळलं असेल का रे?"

"कळलं काय," मी म्हटलं, "कचरा आणला त्यांनी. तेवढंच कळलं."

"अरे, पण मी दुसरं काय मागितलं होतं?" योहान म्हणाला आणि हसायला लागला. तो हसतोय हे बघून मुश्ताक हसायला लागला आणि मग हसता हसता मुश्ताकच रडायला लागला, तेव्हा मी आत जाऊन उगाच पोती मोजत बसलो.

संध्याकाळी मुश्ताक गेला. जाताना रेकॉर्डिंगच्या दिवशीच काढून घेतलेली एक कॅसेट अम्मीसाठी घेऊन गेला. गाडीतल्या कॅसेटची फीत निघाली, तरी स्टुडिओकडं मूळ प्रत होती. पाषाण बँड त्या दिवशी संपला. त्यानंतर आम्ही तिघांनी कधी एकत्र वाजवलं नाही. पालिकेनं किंकाळीच्या आधी सावधगिरी म्हणून तीन वेळा घंटा टाकली, आणि तेवढ्यावर ते गाणं आमच्या गावात बारा वर्षं रोज सकाळी वाजलं. कुठल्या गाजलेल्या बँडचं गाणं एका गावानं इतक्या वेळा ऐकलंय, मला माहीत नाही. स्पर्धेत गावाचा नंबर आला नाही, पण ऐतवडे साहेबांच्या निवृत्तीच्या समारंभात ते गाणं लावलं, तेव्हा समोरचे लोक सवयीनं उठून उभे राहिले.

योहान आता नाशिकला असतो. शाळेत संगीत शिकवतो, पोरांना 'आवाज जरा कमी' म्हणतो. गेल्या महिन्यात त्याचा फोन आला. इकडच्या तिकडच्या गप्पा झाल्या, मग त्यानं सहज विचारल्यासारखं विचारलं, "वाजतं का रे अजून?"

"नाही. बदललं," मी म्हटलं. "आता मुंबईहून नवीन करून आणलंय. मोठी गायिका आहे कुणीतरी."

"अच्छा. कसं आहे?"

"चांगलं आहे. सुरात आहे."

"सुरात आहे?" योहान म्हणाला. "मग कुणी बाहेर येत नसणार."